आठवी प्रात्यक्षिक: वरणात आयोडीन टाकलं तर निळंकाळं, प्रथिनांच्या परीक्षेत लाल!

निफाडच्या_बाई
पोषण आहारातलं वरणच नमुना म्हणून घेतलं. आयोडीन टाकताच निळंकाळं. एक मुलगी लगेच म्हणाली, "बाई, डाळ म्हणजे प्रथिनं ना? मग पिष्ट कुठून आलं?" एकाला भेसळीचा संशय. त्यात प्रथिनांच्या परीक्षेत जांभळ्याऐवजी लालभडक रंग! अंड्याला काही पालकांची हरकत आहे, म्हणून डाळीवरच भिस्त. काय करावं?

जुना_लॅबवाला
बाई, त्या मुलीला पहिल्या बाकावर बसवा. तूरडाळीत शंभर ग्रॅममागे प्रथिनं साधारण २२ ग्रॅम, कर्बोदकं त्याच्या दुपटीहून जास्त, आणि त्यात बहुतेक पिष्टच. आयोडीनने बरोबरच सांगितलं, भेसळ वगैरे काही नाही. "डाळ म्हणजे प्रथिनं" हे आपणच पोरांच्या डोक्यात इतकं घट्ट बसवतो की खरा निकाल आला की चुकीचा वाटतो.

लाल रंग हळदीचा. त्या परीक्षेत कॉस्टिक सोडा असतो, आणि हळद अल्कलीत लाल होते. साबण लागला की शर्टावरचा वरणाचा डाग लाल होतो, तेच हे. प्रात्यक्षिकाला कच्ची डाळ भिजवून वाटा, फडक्यातून गाळा आणि वरचं पाणी घ्या. हळद, मीठ, फोडणी काही नको.

आता थेंबांचं. नमुना थोडाच, त्यात १० टक्के कॉस्टिक सोड्याचे दहा थेंब, मग २ टक्के मोरचुदाच्या (कॉपर सल्फेट) द्रावणाचे दोनच थेंब. पोरांना निळा रंग आवडतो, ती ओततच बसतात. मग निळा साका बसतो आणि जांभळा त्यात दडून जातो. हलवून पाच मिनिटं नळी तशीच ठेवा, मागे पांढरा कागद धरा. जांभळा फिकाच येतो, गडद शाईसारख्या रंगाची वाट बघू नका. कॉस्टिकची बाटली मात्र तुमच्याच हातात. मोरचूद तुमच्या भागात मागायची गरजच नाही, बोर्डो मिश्रणासाठी (बुरशीवरची फवारणी) द्राक्षवाल्यांकडे असतंच. पण ते विष आहे, स्वयंपाकाची भांडी वापरू नका.

आणि एक गंमत करून बघा: तुरीशेजारी सोयाबीन ठेवा. सोयाबीनमध्ये पिष्ट जवळजवळ नसतंच, त्यामुळे आयोडीन तपकिरीच राहतं. उलट प्रथिनांची परीक्षा झकास येते. दोन्ही डाळवर्गीय, निकाल वेगळे. पोरं तासभर भांडतील.

गुळवाला_मास्तर
बेनेडिक्टही (ग्लुकोजसारख्या साध्या साखरेची परीक्षा) घेणार असाल तर साखर आणि गूळ दोन्ही ठेवा. शुद्ध साखरेचं द्रावण निळंच राहतं, गूळ मात्र विटकरी होतो, कारण त्यात ग्लुकोज-फ्रुक्टोज आधीच सुटं असतं. "साखरेत साखर नाही" म्हणून वर्गात गोंधळ उडतो. मग साखरेत सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून उकळा, थंड झाल्यावर फेस थांबेपर्यंत खाण्याचा सोडा घाला, पुन्हा बेनेडिक्ट: आता रंग येतो. थेट ज्योतीवर नको, गरम पाण्यात नळी उभी करा.

निफाडच्या_बाई
हळदीचं लक्षातच आलं नव्हतं, धन्यवाद सर! शाळेतलं आयोडीन संपलंय. मेडिकलमधलं जखमेवरचं पोव्हिडोन आयोडीन चालेल का? आणि शेंगदाणा कागदावर घासून तेलाची परीक्षा घेतली, पण पाण्याचाही डाग पारदर्शक दिसतो.

जुना_लॅबवाला
चालतं. फिक्या पिवळसर-तपकिरी रंगाचं होईपर्यंत पाणी घाला, घट्ट वापरलं तर सगळंच काळं दिसतं. नमुना गार झाल्यावरच टाका. गरम भाताच्या पेजेत निळा रंग जातो आणि गार झाल्यावर परत येतो. हेही मुद्दाम दाखवण्यासारखं आहे. शेंगदाण्याचा कागद उन्हात वाळवा. पाण्याचा डाग जातो, तेलाचा राहतो. शेजारी नुसत्या पाण्याचा एक डाग ठेवायला विसरू नका, नाहीतर तुलना कशाशी करणार?