विकिपीडिया उघडला म्हणून मार्क कापणाऱ्यांना उत्तर

तळटीप:
काल एका शिक्षकांनी लिहिलंय की प्रकल्पासाठी मुलांनी विकिपीडिया उघडायचाच नाही, पीअर रिव्ह्यू झालेला, म्हणजे छापण्याआधी इतर तज्ज्ञांनी तपासलेला संशोधनाचा पेपर असेल तरच संदर्भ धरायचा, बाकी सगळा कचरा. रात्रभर डोक्यात तेच घोळत होतं म्हणून लिहितेय. गोवर-गालगुंड-रुबेलाची एमएमआर लस आणि ऑटिझमचा संबंध सुचवणारा वेकफिल्ड या डॉक्टरचा पेपर १९९८ साली लॅन्सेट या पीअर रिव्ह्यू करणाऱ्या वैद्यकीय नियतकालिकातच आला होता ना? फक्त १२ मुलांवरचा. लॅन्सेटने तो पूर्ण मागे घ्यायला २०१० उजाडलं. मुलांना बंदी नको, लेखाखालचे संदर्भ उघडून तिथे खरंच तसं लिहिलंय का ते बघायला शिकवा. कॉलेजात मी प्रामाणिकपणे विकिपीडियाचं नाव दिलं तर पाच मार्क गेले आणि शेजारणीने तोच मजकूर उचलून खाली एका पुस्तकाचं नाव टाकलं, तिला पूर्ण मिळाले. अजून राग जात नाही.

जुना_मास्तर:
ते लिहिणारा मीच. ताई, तुम्ही संदर्भ उघडले असतील, माझी मुलं उघडत नाहीत. एकाच वर्गात कितीतरी जणांनी तळटीपा जशाच्या तशा उतरवल्या, बंद पडलेल्या लिंकांसकट. तपासत मला बसावं लागतं. आणि वेकफिल्डला शेवटी संशोधकांनीच खोटं पाडलं, विकिपीडियाने नाही.

तळटीप:
संशोधकांच्या अभ्यासात तो संबंध सापडला नाही हे बरोबर, पण आतली लबाडी खणून काढली ब्रायन डीअर या पत्रकाराने, वर्तमानपत्रासाठी. तुमच्या नियमाने ती बातमी विद्यार्थ्याला वापरताच येणार नाही!

शेवटचा_बाक:
पेपर वाचा पेपर वाचा म्हणता, पण उघडतो का तो? अ‍ॅबस्ट्रॅक्ट, म्हणजे वरचा सारांश, तेवढा दिसतो आणि पुढे पैसे मागतात. आमच्या लायब्ररीकडे वर्गणी नव्हती, मी अ‍ॅबस्ट्रॅक्ट वाचूनच संदर्भ टाकले, सगळेच टाकतात.

कोरं_पान:
सगळेच टाकतात म्हणूनच तर घोळ होतो. न वाचता संदर्भ देणं ही सरळ फसवणूक आहे. पालकाच्या भाजीतल्या लोहाच्या आकड्याचं माहितीये ना, दशांश चिन्ह चुकलं, आकडा दहापट झाला आणि कोणी मूळ न बघता वर्षानुवर्षं छापत राहिले.

उंबरठा:
थांबा. तुम्ही मूळ बघितलंत का? ही दशांश चिन्हाची गोष्ट १९८१ साली हॅम्ब्लिन या डॉक्टरांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये सांगितली, पुराव्याचा संदर्भ न देता. २०१० मध्ये माइक सटन या संशोधकांनी माग काढला तर तशी चूक झाल्याचा पुरावाच सापडेना. म्हणजे न तपासता छापू नका हे सांगायला जी गोष्ट लोक देतात तीच न तपासता छापलेली आहे.

कोरं_पान:
मला एका प्राध्यापकांनी वर्गात सांगितली होती. मुद्दा तरीही तोच राहतो.

उंबरठा:
मुद्दा राहतो, उदाहरण जातं. दुसऱ्याला फसवणूक म्हणताना एवढं तरी बघायला हवं होतं.

शेवटचा_बाक:
मला फसवा म्हणून मोकळे झालात आणि स्वतः ऐकीव गोष्ट सांगितलीत. पैसे नसणं हा गुन्हा आहे का?

तळटीप:
भांडू नका. बाक, पेपरच्या लेखकाला मेल करून बघ, बरेच जण पीडीएफ पाठवतात. गूगल स्कॉलरवर 'सर्व आवृत्त्या' दाबलं तरी कधीकधी फुकट प्रत निघते, ही युक्ती मला फार उशिरा कळली. मग वाचल्याशिवाय टाकायचं कारण उरत नाही, हे मात्र कोरं_पान यांचं बरोबर आहे.

जुना_मास्तर:
बातमीचं मान्य करतो, 'फक्त पेपर' हे मी रागात लिहिलं. पण विकिपीडिया संदर्भयादीत चालणार नाही, तिथून सुरुवात केली तर चालेल. आणि यंदापासून प्रत्येकाला एक संदर्भ माझ्यासमोर उघडून त्यातलं वाक्य दाखवावं लागेल. मार्क त्याचे.

तळटीप:
हे आमच्या वेळी असतं तर शेजारणीला पूर्ण मिळाले नसते.