नुकसानभरपाई आणि समुद्राची वाट
समुद्रातल्या बांधकामामुळे होणाऱ्या नुकसानीची भरपाई मिळाली की कोळ्यांचा प्रश्न मिटतो, हे मत मला पटत नाही. मुंबईत वरळीच्या क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जाणाऱ्या वाटेवर सागरी किनारा मार्गाच्या पुलाचे खांब एकमेकांपासून अवघ्या ६० मीटर अंतरावर येणार, हे कळल्यावर वरळी कोळीवाड्यातील मच्छीमारांनी काम अडवले, १६० मीटरची मागणी लावून धरली आणि अखेर डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून १२० मीटर अंतर ठेवण्याचे सरकारला मान्य करावे लागले. उधाणात, आडव्या वाऱ्यात होडी दोन खांबांमधून काढणे म्हणजे काय, हे सुकाणू धरणाऱ्यालाच ठाऊक असते. मात्र ओहोटीला खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत उतरून, कोयतीने कालवे (खडकाला चिकटलेले शिंपले) फोडून घरच्या जेवणाची सोय करणाऱ्या बायका नुकसानभरपाईच्या हिशेबात सहसा येत नाहीत, कारण त्यांच्याकडे ना नोंदणीकृत होडी असते ना परवाना. त्यांची नावे आणि त्यांच्या खडपांच्या जागा मच्छीमार संस्थांनी स्वतःच नोंदवून ठेवाव्यात. राज्याने २०२३ मध्ये मासळीच्या ५४ जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवले आहे; पण जाळ्याचा आस, म्हणजे त्याचे भोक, किती मोठा ठेवायचा, हे अधिकाऱ्याची वाट न पाहता कोळीवाड्याच्या बैठकीतच ठरायला हवे.