शहराची १५० वर्षं आणि १५० झाडं, कितपत जमेल?

चौकस_पाखरू
नमस्कार मंडळी, पुढच्या वर्षी आमच्या शहराला १५० वर्षं पूर्ण होतायत, त्यानिमित्त १५० झाडं लावायचं आमच्या ग्रुपच्या डोक्यात आलंय. माणसं मिळतील, उत्साह तर उतू चाललाय, पण यातलं कळणारं कुणीच नाही. मोठी वाढलेली झाडं आणावीत की छोटी रोपं? आणि वर्धापनदिन ऐन उन्हाळ्यात आहे, त्याच दिवशी लावली तर चालतील ना?

खुरपं_हातात
उन्हाळ्यात अजिबात नको. त्या दिवशी ढोल, भाषणं काय ते उरका आणि फार तर खड्डे खणून माती तापू द्या, रोपं पहिला दमदार पाऊस पडून गेल्यावरच. आणि छोटीच घ्या. मोठं झाड उपटताना निम्म्याहून जास्त मुळं मागेच राहतात, मग ते एकदोन वर्षं नुसतं सावरत बसतं नि तेवढ्यात लहान रोप त्याला गाठतं.
लावताना पिशवी कापून काढा (लोक पिशवीसकट लावतात, खरंच!), आत मुळं गोल गोल फिरलेली असली तर बोटांनी सोडवा, सुटत नसतील तर सरळ कापा, नाहीतर तीच मुळं पुढे जाड होऊन खोड आवळतात. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या दुप्पट रुंद, पण खोल गोळ्याएवढाच. खोड जिथे खाली पसरून मुळांना मिळतं तो भाग मातीच्या वर दिसला पाहिजे, तो गाडला की खोड कुजायला लागतं.

उगाच_शंका
सगळं खरं, पण पाणी कोण घालणार? पहिली २-३ वर्षं घालावं लागतं. १५० हा आकडा बॅनरवर छान दिसतो, पण मी म्हणेन जेवढ्या झाडांना नावानिशी माणूस मिळेल तेवढीच लावा, मग ती ४० का होईनात. नाहीतर पुढच्या वर्षी त्याच खड्ड्यात नवं रोप आणि नवा फोटो.

रानवारा
१५० च हवी असतील तर मियावाकी करा की, म्हणजे थोड्या जागेत रोपं खेटून लावून छोटं दाट जंगल उभं करायची जपानी पद्धत. चौरस मीटरला ३ ते ५ रोपं लावतात, म्हणजे ५० चौरस मीटरात सगळी बसली, पाण्याला एकच पाइप.

उगाच_शंका
@रानवारा बसतील, पण ती दाट झाडी होणार, रस्त्यावर सावली कुठाय? मैदानाचा कोपरा पडीक असेल तर ठीक.

चौकस_पाखरू
बापरे, बरं झालं आधी विचारलं. मग ४०-५० रस्त्याच्या कडेला आणि बाकीचं मियावाकी असं केलं तर? आणि गुलमोहर चालेल का, सगळ्यांना तोच हवाय.

खुरपं_हातात
चालेल हे. गुलमोहर मात्र रस्त्याला नको, दिसतो देखणा पण फांद्या ठिसूळ, वादळात गाड्यांवर पडतात, शिवाय मुळं वरवर पसरून फुटपाथ उचकटतात. आणि तो मूळचा मादागास्करचा, तुमच्या भागातलंच काहीतरी बघा ना. तारांखाली तर बुटकंच झाड लावा, नाहीतर दरवर्षी छाटणीवाले येऊन त्याचा शेंडा उडवणार. खणण्याआधी खालून पाइप, केबल कुठे गेल्यात ते मात्र विचारून घ्या.