शब्दचर्चा : ‘स्पेक्युलेटिव्ह बायॉलॉजी’ आणि पाण्यात उभी राहणारी वेल

मूळ प्रश्न (सोलापूर)

गेले पंधरा दिवस आमच्या घरात एका शब्दावरून खल चाललाय, म्हणून इथं मांडतो. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो. भाचा सबनॉटिका नावाचा गेम खेळतो. २०१८ साली आलेला हा गेम. ४५४६बी नावाचा ग्रह, जवळजवळ सगळा समुद्रच, आणि खेळणारा तिथं अडकलेला. समोरच्या झाडावर स्कॅनर धरला की त्याची नोंद उघडते : हे कसं वाढतं, कशावर जगतं, माणसाच्या काय उपयोगाचं. धाकट्या बहिणीला वाचता याव्यात म्हणून भाचा या नोंदी मराठीत उतरवतोय. वहीवर नाव घातलंय ‘काल्पनिक जीवशास्त्र’. मला विचारलं, “मामा, बरोबर आहे का ओ?”

मला ते पटलं नाही. काल्पनिक म्हटलं की सोन्याच्या पानांचं झाडसुद्धा चालून जातं. इथं तेवढी मोकळीक नाही. उजेड एवढ्याच खोलीपर्यंत पोचतो, मग त्याच्या खालचं झाड अन्न कुठून आणतं, याचं उत्तर द्यावंच लागतं. न बघितलेले जीव निसर्गाच्या नियमांत बसवून असे रचण्याला इंग्रजीत स्पेक्युलेटिव्ह बायॉलॉजी म्हणतात. मग त्याला मराठीत म्हणावं काय?

दुसरं, गेममधल्या ‘क्रीपव्हाइन’चं त्यानं ‘सरपटवेल’ केलंय. तेही मला खटकतं.

प्रतिसाद (बार्शी)

‘संभाव्य जीवशास्त्र’ म्हणा. ‘अनुमानित’ पण चालेल, पण तो जरा सरकारी परिपत्रकातला वाटतो.

प्रतिसाद (मोहोळ)

आमच्याकडं याला आडाखा म्हणतात. वडील रब्बीची पेरणी करायच्या आधी रानात वीतभर उकरायचे, खालची माती मुठीत दाबायचे आणि मूठ उघडून बघायचे. लाडू तसाच राहिला की म्हणायचे, ओल आहे, मालदांडी ज्वारी येईल. माती भुरभुरली की घरी येऊन गप्प बसायचे. पेरणीनंतर थेंब पडला नाही तरी काळ्या रानातल्या त्या ओलीवर ज्वारी कशी निघते, हे त्यांनी आयुष्यभर बघितलेलं होतं, म्हणून त्यांना आडाखा बांधता यायचा. ज्यानं कधी रान बघितलं नाही त्याला नुसती कल्पना करता येईल. तुमच्या भाच्याचं काम आडाख्याचं आहे.

मूळ लेखक

मोहोळकर, हाच शब्द हवा होता. ‘संभाव्य’ शब्द चुकीचा नाही, पण त्यात माणूस दिसत नाही. गोष्ट आपोआप संभवते. अंदाज मोघम असतो. अटकळीत थोडं नशीब असतं. ठोकताळा ठरीव असतो, एकदा बसला की पुन्हा तपासला जात नाही. आडाखा मात्र बांधावा लागतो, खुणा बघून बांधावा लागतो, आणि चुकलाच तर कुठली खूण वाचायची राहिली हे मागं जाऊन सांगता येतं. वहीवर आता ‘आडाख्याचं जीवशास्त्र’ लिहिलंय.

हाच आडाखा क्रीपव्हाइनला लावून बघितला. ही वेल तळापासून वर पाण्यात सरळ उभी असते, उंचच उंच. सरपटत तर ती कुठंच नाही. सरपटतो साप, सरपटतं तान्हं मूल. आपल्या समुद्रात हिच्या तोंडवळ्याचं काही असेल तर ते केल्प. केल्प म्हणजे तपकिरी शैवाल, काटेकोर बोलायचं तर वनस्पतीसुद्धा नाही. राक्षसी केल्प दिवसाला अर्धा मीटरपर्यंत वाढू शकतो, आणि पात्यांच्या बुडाशी हवेचे फुगे असल्यामुळं तरंगत उभा राहतो. रानातल्या झाडाला स्वतःचा भार पेलायचा असतो म्हणून त्याला लाकूड लागतं. पाण्यात भार पाणीच पेलतं. तिथं सोसायचा असतो तो ताण : प्रवाह इकडून ओढतो, तिकडून ओढतो. ताण सोसायला खांब कामाचा नाही, दोर कामाचा. आणि गेममध्ये या वेलीचे दोन तुकडे घेतले की त्यातून धाग्यांची जाळीच बनते! बनवणाऱ्यांनी आडाखा नीट बांधलाय.

मग मराठी शब्द समोरच होता. बांधावरच्या केकताडाचं पान पाण्यात कुजवून, ठेचून, पिळून काढलं की हातात पांढरे लांब धागे येतात. तो वाख. त्याची दावी आमच्या आजोळी अजून आहेत. म्हणून क्रीपव्हाइन झाली ‘वाखवेल’.

तिच्या बियांचे घोस अंधारात पिवळे दिसतात. त्यासाठी भाच्यानं ‘चमकतात’ लिहिलं होतं. चमकतं ते दुसऱ्याच्या उजेडानं, भांडं किंवा अभ्रक. काजवा लुकलुकतो. हे घोस आतून, एकसारखे, न विझता उजळलेले असतात. त्याला आपल्याकडं समईचं क्रियापद आहे : तेवतात.

प्रतिसाद (अक्कलकोट)

वाखवेल छान, पण वेल आहे का ती? तुम्हीच म्हणता वनस्पतीसुद्धा नाही.

मूळ लेखक

शंका रास्त आहे. पण गाजरगवत बघा. ना गाजर, ना गवत, कूळ सूर्यफुलाचं, आलं अमेरिकेतून. विलायती चिंच चिंचही नाही आणि विलायतेचीही नाही, तिचं माहेर मेक्सिकोकडं. वेडी बाभूळ तशीच. परमुलखातली झाडं आपल्या बांधावर आली तेव्हा लोकांनी ओळखीचं जवळचं झाड धरलं आणि जे वेगळं दिसलं त्याचं एक विशेषण लावलं. नाव डोळ्यांनी ठेवलं. आतली गोष्ट नंतर शास्त्रानं सांगितली.

खुद्द ‘वनस्पती’ हा शब्दही असाच आहे. अमरकोशात फुलून फळणारा तो वानस्पत्य, आणि फुलाशिवाय फळणारा तो वनस्पती. म्हणजे वड, पिंपळ, उंबर. आता उंबराला फुलं असतात, फळाच्या पोटात, आणि इवल्या गांधीलमाश्या आत शिरून त्यांचं परागण करतात. डोळ्यांना ती दिसली नाहीत म्हणून क्वचित घरी येणाऱ्याला आपण ‘उंबराचं फूल’ म्हणतो. शब्दानं जीवशास्त्र चुकवलं, तरी शब्द टिकला, आणि त्याचा अर्थ पसरून सगळ्या झाडाझुडपांना पुरला. म्हणून नोंदीचा मथळा ‘वाखवेल’, आणि पहिल्याच वाक्यात ‘ही खरी वेल नव्हे’. दोन्ही ठेवायचं.

प्रतिसाद (पंढरपूर)

तांबड्या बटू ताऱ्याभोवतीच्या, म्हणजे सूर्याहून लहान आणि मंद लालसर ताऱ्याभोवतीच्या, ग्रहावर झाडं काळी असू शकतील, असं नासाच्या शास्त्रज्ञ नॅन्सी कियांग यांनी मांडलेलं वाचलंय. मंद उजेडातला मिळेल तो प्रत्येक रंग शोषून घ्यायचा म्हणून. तिथल्या झाडाच्या ‘हरितद्रव्या’ला काय म्हणायचं? काळं हरितद्रव्य?

मूळ लेखक

तिथं नुसतं ‘रंगद्रव्य’ म्हणावं. ‘प्रकाशसंश्लेषण’ मात्र तसंच चालेल, त्या शब्दाला रंग नाही. आणि काळ्या झाडांचं आपल्याला फार नवल वाटायला नको. भरघोस पीक बघून आपले शेतकरी ‘काळंशार आलंय’ असंच म्हणतात.

आणखी एक. नोंदीत सगळीकडं ‘परग्रही वनस्पती’ असं येत होतं. बहीण म्हणाली, “दादा, पण तिथं परग्रही तूच आहेस ना?” ते विशेषण सगळीकडून खोडलं. आता ‘तिथली झाडं’ आहे.

राहिलं एक : ‘ॲसिड मशरूम’. यातलं आम्ल बॅटरी बनवायला लागतं. ‘अळंबी’ म्हटलं की भाजी डोळ्यापुढं येते, आणि ‘भूछत्र’ म्हणावं तर तिथं भू पाण्याखाली. काल भाचा म्हणाला, “हरभऱ्यावरची आंब चालेल का?” थंडीत पहाटे हरभऱ्यावर पांढरं धोतर फिरवून ते पिळतात, ती आंब. झाडाच्या बारीक केसांतून पाझरणारं आम्ल, त्यामुळं घाटेअळीची वाढ खुंटते. गेममधल्या छत्रीलाही कुरतडणाऱ्यांपासून असंच काही रक्षण असणार, असा त्याचा आडाखा. त्यानं वहीत पेन्सिलीनं ‘आंबछत्री’ लिहून ठेवलंय. याहून बरा शब्द कुणाकडं असेल तर सांगा, शाईनं लिहायचं थांबलंय.