मदत हवी आहे: काळोख हवा, पण कमोडसकट (१४-१५ फेब्रुवारी, डोंबिवलीहून)

ओसरीवरचा

नमस्कार मंडळी,

तारे बघायला एक रात्र कुठेतरी जायचं आहे. आम्ही चौघे: मी, बायको, आठवीतली लेक आणि बाबा. बाबा ७१ वर्षांचे. डिसेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर चार दिवसांनी गॅलरीत उभे राहून वर बघत होते आणि मला म्हणाले, "आता तिकांडं दिसायला हवं रे." डोंबिवलीच्या आकाशात तिकांडं दिसतं म्हणा, मृगाचे ते तीन तारे शहरातही जात नाहीत. पण बाबांना हवंय ते गावाकडचं आकाश. माणदेशात लहानपणी खळ्यावर राखणीला झोपायचे, तेव्हाचं. सप्तर्षीला ते अजून खाटलंच म्हणतात. म्हातारीचं खाटलं आणि ते चोरणारे तीन चोर.

तारीख आम्ही कॅलेंडर बघून धरली. १५ फेब्रुवारी २०२६ ला रविवारी महाशिवरात्र, म्हणजे अमावास्या दोन दिवसांवर. शनिवारी रात्री चंद्राचा त्रास नाही.

आता अटी. बाबांचा गुडघा चढाला नाही म्हणतो, तेव्हा गड वगैरे बाद. कमोड लागतो. गाडी जागेपर्यंत जायला हवी. आणि कृपा करून 'स्टारगेझिंग कॅम्प' सुचवू नका. मागच्या नोव्हेंबरात एका धरणाच्या काठी तसल्याच एका कॅम्पला गेलो होतो. जाहिरातीत आकाशगंगेचा फोटो. प्रत्यक्षात दर दोन तंबूंमध्ये दिव्यांच्या माळा, स्वयंपाकघरावर हॅलोजन आणि साडेअकरापर्यंत डीजे. दुर्बिणीपुढे तीसेक जणांची रांग. लेकीचा नंबर आला तोवर भिंगावर दव बसलं होतं. तिला एक धुरकट ठिपका दिसला. तो शनी होता असं तिला सांगण्यात आलं.

मी तीन जागा काढल्यात: साम्रद (भंडारदऱ्याजवळचं, सांदण दरीचं गाव), नाणेघाटाजवळचं घाटघर आणि जव्हारच्या बाजूला कुठेतरी. प्रकाश-प्रदूषणाच्या नकाशावर साम्रद सगळ्यात काळं दिसतं, म्हणून मन तिकडे आहे. जाणकारांनी प्रकाश टाकावा. लाल टाकलात तर उत्तम.

बाराबंदी

शनिवारी १४ फेब्रुवारी आहे हे लक्षात घेतलंत का? व्हॅलेंटाइन डे. भंडारदऱ्याचा प्रत्येक तंबू बदामाच्या आकाराच्या फुग्यांनी भरलेला असणार. आणि दुसऱ्या दिवशी महाशिवरात्र, म्हणजे रतनवाडीच्या अमृतेश्वराला आणि हरिश्चंद्रगडावर गर्दी. तुम्ही वर्षातली सगळ्यात काळोखी रात्र निवडलीत, पण ती सगळ्यात गजबजलेली पण आहे. एक आठवडा पुढे ढकला.

नागपुरी संत्रं

आमच्याकडे या ना भाऊ! पेंच. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली. सिल्लारी आणि आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलून उजेड जमिनीकडे पडेल असे केले. मला त्यातलं हेच आवडलं. दिवे बंद नाही केले, खाली वळवले. गावातल्या माणसाला रस्ता दिसतो आणि वर आकाश पण दिसतं. लडाखचं हानले त्याच्या आधीचं, २०२२ चं, पण ते साडेचार हजार मीटरवर. तिथे काकांना नेऊ नका.

ओसरीवरचा

@नागपुरी संत्रं, मनापासून आभार, पण आठशे किलोमीटर एका वीकएंडला होत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत नक्की.

@बाराबंदी, अरे देवा. व्हॅलेंटाइन डोक्यातच नव्हता. बायकोला हे सांगितलं, ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. २१ तारीख कशी?

भटकी भोपळी

सगळ्यात आधी: घाटघरं दोन आहेत! एक भंडारदऱ्याच्या पुढचं, अकोले तालुक्यातलं, आणि एक नाणेघाट-जीवधनाखालचं, जुन्नर तालुक्यातलं. आमच्या ग्रुपमधल्या एकाने नकाशात नुसतं 'घाटघर' टाकलं आणि रात्री नऊला आम्ही सगळे जीवधनच्या पायथ्याशी असताना तो कोकणकड्यावर उभा राहून फोन करत होता, "तुम्ही कुठाय?" तर तालुका बघून निघा.

नाणेघाटाचं पठार छान आहे. पश्चिमेला कडा तुटतो, पण खाली मुरबाड-कल्याणचा उजेड थेट दिसतो. शिवाय शनिवारी रात्री घाटात गाड्यांची ये-जा असते आणि प्रत्येक जण हेडलाइट लावून सेल्फी काढतो. जुन्नरची बाजू मुळात आकाशाला वाईट नाही. आयुकाची (पुण्याची खगोलशास्त्र संस्था) दोन मीटर व्यासाची दुर्बीण गिरवलीच्या डोंगरावर उगाच बसवलेली नाही. पण कमोडवाली, शांत, गाडी जाणारी जागा मला तिथे माहीत नाही.

व्याधाचा बाण

सोळा-सतरा वर्षं सह्याद्रीत दुर्बीण घेऊन फिरतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

तारखेपासून सुरू करू. २१ ला चतुर्थी-पंचमीचा चंद्र असेल, मावळायला सव्वादहा-साडेदहा होतील. तुमच्याबरोबर आठवीतली मुलगी आहे आणि सत्तरीचे गृहस्थ आहेत. ही माणसं आकाश कधी बघणार? साडेसात ते अकरा. म्हणजे नेमक्या त्यांच्याच वेळेत चंद्र. माझ्यासारख्या पहाटेपर्यंत जागणाऱ्याला २१ चालेल, तुम्हाला नाही. १४ च ठेवा. त्या रात्री चंद्राची कोर पहाटे पाचच्या सुमारास उगवेल, तीही इतकी बारीक की तिचा त्रास नाही. मार्चात परीक्षा आणि त्या भागात राब (भातरोपांच्या जागेवर पालापाचोळा) भाजायचे दिवस, संध्याकाळी दरीत धूर साचून राहतो. त्यामुळे फेब्रुवारीच बरा.

आता जागा. नकाशातला काळा रंग बघून सगळे फसतात, मीही फसलोय. तो नकाशा उपग्रहाने वरून मोजलेल्या उजेडावर बनतो. शेजारच्या अंगणातला पन्नास वॅटचा एलईडी त्यात दिसत नाही, आणि तुमची रात्र नासवायला तो एकटा पुरतो. दुसरं म्हणजे नकाशा डोक्यावरचं आकाश सांगतो, क्षितिज सांगत नाही. आणि आपल्या अक्षांशावर खरी मजा दक्षिण क्षितिजाजवळ आहे.

उदाहरण देतो. फेब्रुवारीच्या मध्यावर रात्री साडेनवाच्या सुमारास व्याधाच्या खाली, ऐन दक्षिणेला अगस्त्य येतो. आकाशातला दुसऱ्या क्रमांकाचा तेजस्वी तारा. पण भंडारदऱ्याहून तो क्षितिजापासून सतराएक अंशच वर चढतो. हात लांब करून मूठ धरली की साधारण दहा अंश होतात, म्हणजे पावणेदोन मुठी. समोर डोंगर असेल तर अगस्त्य गेला. पहाटे चार-साडेचारला ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ दक्षिणेला सव्वादोन मुठींवर असतो, युरोपातल्या बहुतेक लोकांना तो जन्मात दिसत नाही. आणि पाच ते पावणेसहा या वेळात आग्नेयेला मूळ नक्षत्राच्या बाजूने आकाशगंगेचा जाडजूड मध्यभाग वर येतो.

साम्रदहून आग्नेयेला काय आहे? रतनगड. जवळ आणि उंच. दिवसा फोटोला झकास, पहाटे आकाशगंगेच्या मध्ये उभा.

म्हणून माझा सल्ला: भंडारदराच, पण जलाशयाचा उत्तर काठ. मुरशेत, पांजरे, उडदावणे ही गावं शेंडीहून (भंडारदरा धरणाजवळचं गाव) अकोल्यातल्या घाटघरला जाणाऱ्या रस्त्यावर आहेत. तिथून दक्षिणेला तोंड केलं की समोर आधी पाणी, मग दूरवर रतनगडाची रांग, तीही अर्धी मूठ. पाठीमागे उत्तरेला कळसूबाई ते कुलंगची भिंत, तिच्याआड नाशिक-इगतपुरीचा खालचा उजेड झाकला जातो. मुंबई-कल्याणचा फिकट पिवळा डाग पश्चिम-नैर्ऋत्येला राहतो, तो चुकत नाही. त्यामुळे संध्याकाळी पश्चिमेला दिसणारा राशिचक्रीय प्रकाश (अवकाशातल्या धुळीवरून परतणारा सूर्याचा फिकट उजेड) तिथून नीट मिळेलच असं नाही. तेवढं सोडा.

पण अगदी पाण्याला लागून राहू नका. काठावर दव जास्त, गारठा जास्त, आणि कॅम्पही तिथेच. रस्त्याच्या वरच्या अंगाला गावातलं घर बघा. भात कधीच निघालेलं असतं, खळी रिकामी असतात.

आणि तंबू कशाला? तंबूत झोपून माणूस तंबूचं छत बघतो. खळ्यावर ताडपत्री, वर सतरंजी, प्रत्येकी दोन घोंगड्या आणि कानटोपी. एवढ्यात काम होतं.

सुगरण

माझ्या नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो त्याला अगस्त्य नको, तंबू हवा. प्रत्येकाचं वेगळं असतं, असो.

एक बायकी सूचना करते, पुरुषमंडळी विसरतात. कमोड आहे एवढं विचारून थांबू नका. तो घरापासून किती लांब आहे, पायऱ्या आहेत का, आणि रात्री तिथे जायला दिवा लागतो का, हे विचारा. माझ्या सासऱ्यांना रात्री तीनदा उठावं लागतं. पायवाटेवर जमिनीलगत एक मिणमिणता दिवा, त्यावर लाल जिलेटीन कागद, रबरबँड लावून. आम्ही टॉर्चला दिवाळीच्या आकाशकंदिलातला उरलेला लाल कागद दुहेरी लावतो. उजेड पुरतो आणि डोळे दिपत नाहीत.

व्याधाचा बाण

+१. लाल दिव्याचं कारण लेकीला सांगा. अंधाराला डोळे सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि मोबाइलच्या पांढऱ्या पडद्याकडे एकदा बघितलं की हिशोब पुन्हा पहिल्यापासून. मंद लाल उजेडाने हे फारसं बिघडत नाही. मोबाइल सरळ गाडीत ठेवा.

बाराबंदी

माझी सूचना मागे घेतो, चंद्राचं गणित मी केलं नव्हतं. पण रविवारी सकाळी लवकर निघा. अमृतेश्वराची गर्दी शेंडीवरूनच आत जाते.

ओसरीवरचा

@व्याधाचा बाण, इतकं लिहिलंत, काय म्हणू. उत्तर काठ-दक्षिण काठ हा विचार माझ्या डोक्यात आलाच नसता. मी नुसता रंग बघत होतो.

आज दुपारी ओळखीतून उडदावण्याच्या बाजूच्या एका घराचा नंबर मिळाला. घरच्या मावशी फोनवर होत्या. कमोड आहे, मुलाने शहरातून येणाऱ्या पाहुण्यांसाठी बसवलाय, घराला लागूनच, एक पायरी. जेवणात नाचणीची भाकरी आणि पिठलं, कोंबडी हवी असेल तर आदल्या दिवशी सांगा. अंगणातला दिवा बंद कराल का विचारलं तर हसल्या. म्हणाल्या, "तेवढ्यासाठी इतक्या लांबनं येताय व्हय?"

अजून तीन शंका.

एक, लेकीच्या वाढदिवसाला घेतलेली ७० मिलिमीटरची दुर्बीण न्यावी का द्विनेत्री पुरे? दुसरी, खरंच काळोख आहे हे तिथे पोचल्यावर कसं ओळखायचं? आकाशाचा काळोख मोजायची ती बॉर्टल मोजपट्टी १ (सगळ्यात काळं) ते ९ असते हे वाचलं, पण आपण नेमकं कुठे आहोत हे सामान्य माणसाने ठरवायचं कसं? तिसरी, वनविभागाची काही परवानगी लागते का?

भटकी भोपळी

तिसरीचं मी सांगते. तो सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. नाक्यावर प्रवेश शुल्क भरायचं, पावती जपून ठेवायची. मोठ्याने गाणी आणि उघड्यावर जाळ नको. गावातल्या घरी राहणार म्हणून सांगा. डोंबिवलीहून कसारा घाट चढून घोटीला हायवे सोडायचा, बारीवरून शेंडी. पेट्रोल घोटीलाच भरा. आणि उजेडात पोचा, पाचच्या आत.

व्याधाचा बाण

दुर्बीण न्या, मुलीची आहे, न नेऊन कसं चालेल. गुरू सध्या मिथुनेत आहे, दहाच्या सुमारास जवळजवळ डोक्यावर. त्याचे चार चंद्र ७० मिलिमीटरमध्ये स्वच्छ दिसतील. शनी मात्र अंधार पडताच पश्चिमेला खाली गेलेला असेल, साडेसातच्या आत उरकून घ्या. मागच्या वेळचा धुरकट ठिपका होता तसाच राहील, याची तयारी ठेवा. द्विनेत्री १० बाय ५० असेल तर ती बाबांच्या हातात द्या. एका डोळ्याने नळीत बघण्यापेक्षा त्यांना ते सोपं जाईल. कृत्तिका आधी दाखवा. मग मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ.

काळोख तपासायची माझी पद्धत मोजपट्टीशिवायची आहे. पुष्य नक्षत्रात एक तारकागुच्छ आहे. त्या रात्री साडेअकराच्या सुमारास तो बरोबर आपल्या डोक्यावर असेल. नुसत्या डोळ्यांनी धुक्याचा पुंजका दिसला तर आकाश चांगलं. काहीच दिसलं नाही, तर कुणाचा तरी दिवा चालू आहे, जाऊन शोधा.

ओसरीवरचा

ठरलं मग, १४ ला निघतो. बाबांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं: खाली जमिनीवरून उठता येणार नाही, बाज मिळेल का? पुन्हा मावशींना फोन लावला. बाज आहे, सुंभ नवीन विणलंय. आता ते म्हणतायत, खाटल्यावर पडून खाटलं बघणार.

व्याधाचा बाण

बघू द्या की. फक्त उत्तरेला डोंगर आहे, तेव्हा खाटलं पूर्ण वर यायला बारा-साडेबारा होतील. दुपारी त्यांना तासभर झोपवून न्या, आणि बाजेचं उशाचं तोंड दक्षिणेला करा.