मदत हवी आहे: अमेरिकेतील विद्यापीठीय रोड सायकलिंगचा पहिला सप्ताहान्त, बीआरएमचा अनुभव कितपत उपयोगी पडेल?

रानवाट :

नमस्कार.

मी मॅसॅच्युसेट्समधील एका विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेत आहे आणि तिथल्या विद्यार्थी सायकलिंग क्लबकडून येत्या एप्रिलमध्ये पहिल्यांदाच शर्यतीत उतरणार आहे. आमचा क्लब ईस्टर्न कलेजिएट सायकलिंग कॉन्फरन्समध्ये, म्हणजे ईशान्येकडील राज्यांतील विद्यापीठांच्या गटात मोडतो. वसंतातील या मोसमात यजमान विद्यापीठे बदलत जातात. मी ज्या सप्ताहान्ताला जाणार आहे, त्यात शनिवारी सकाळी सांघिक टाइम ट्रायल (संघाने मिळून घड्याळाविरुद्ध चालवायची शर्यत), त्याच दुपारी रोड रेस (सर्वांनी एकत्र सुटून रस्त्यावर करायची लांब शर्यत) आणि रविवारी क्रिटेरियम (छोट्या मार्गावर अनेक फेऱ्यांची शर्यत) अशा तीन शर्यती आहेत.

पुण्यात असताना मी बीआरएम, म्हणजे ठरावीक वेळेत लांब पल्ला पुरा करण्याच्या सायकलफेऱ्या, करत असे आणि एकाच मोसमात २००, ३००, ४०० व ६०० किलोमीटरची मालिका पुरी करून ‘सुपर रँडोनर’ हा किताब मिळवला. त्यामुळे पाऊस, रात्र किंवा लांबलचक चढ यांची मला फारशी धास्ती वाटत नाही. परंतु बीआरएममध्ये २०० किलोमीटरसाठी साडेतेरा तास मिळतात, कोणाचाही क्रमांक काढला जात नाही आणि खंबाटकी चढून गेल्यावर टपरीवर चहा घेत सोबत्यांची वाट पाहत बसले तरी कोणी हटकत नाही. इथल्या सरावात मात्र पुढच्या सायकलच्या मागच्या चाकापासून वीतभर अंतरावर, दोन्ही बाजूंना कोपराला कोपर लागेल इतक्या दाटीत चालवावे लागते. अशा वेळी माझी बोटे आपोआप ब्रेकवर जातात, पुढे फट पडते, मागून कोणीतरी ती भरून काढते आणि थोड्याच वेळात मी गटाच्या शेपटाला असते. दम शिल्लक असूनही मागे पडणे मला नवे आहे, आणि यावर नेमका कोणता सराव करावा हे कळत नाही.

त्यातच ब्रेकची अडचण आहे. पुण्यातील माझ्या सायकलला पुढचा ब्रेक उजव्या हाताला होता. क्लबने दिलेल्या सायकलला तो डाव्या हाताला आहे. सायकल माझी नसल्यामुळे केबल बदलून घेणे शक्य नाही.

दुसरा प्रश्न गटाचा आहे. स्त्रियांसाठी ए, बी आणि सी असे गट असून नवख्यांनी सी गटातून सुरुवात करावी असा सर्वसाधारण प्रघात आहे. तथापि ट्रेनरवर (सायकल जागीच चालवण्याच्या यंत्रावर) घेतलेल्या चाचणीत माझे वॅट, म्हणजे पायांच्या ताकदीचा आकडा, बरे आल्यामुळे, वरच्या गटात गुण अधिक मिळतात या कारणास्तव मी बी गटासाठी परवानगी मागावी, असा आमच्या कर्णधाराचा आग्रह आहे. अनुभवी मंडळींचे मत काय?

शेवटचे म्हणजे, लांबच्या बीआरएमसाठी घेतलेले क्लिप-ऑन एरोबार (हँडलला जोडायचे, कोपरे टेकवून धरायचे दांडे) मी इकडे आणले आहेत. ते कुठे चालतील? मी शाकाहारी असून अंडीही खात नाही. शनिवारच्या दोन शर्यतींच्या मधल्या वेळेत काय खावे, हेही कृपया सांगावे.

सरळरेषा :

तुमचा प्रश्न नेमका आहे, म्हणून उत्तरही थोडे सविस्तर देतो. मी काही वर्षांपूर्वी मिडवेस्टमधील विद्यापीठाकडून या शर्यती केल्या आहेत.

गटाविषयी माझे मत स्पष्ट आहे: सी गटातूनच सुरुवात करा. ट्रेनरवरची चाचणी तुमच्या पायांत किती ताकद आहे ते सांगते, पण वीस जणींच्या घोळक्यात वळण घेताना ती ताकद वापरता येईल की नाही याबद्दल ती काहीच सांगत नाही. कर्णधाराचा हिशेबही मला पुरता पटत नाही, कारण सी गटात वरच्या क्रमांकाने आलेली स्पर्धक बी गटातून मध्येच गळालेल्या स्पर्धकापेक्षा संघाला जास्त गुण देऊ शकते. बढती मोसमाच्या मध्यावरही मिळते. घाई कशाची आहे?

आता फट पडण्याविषयी. तुमची नजर बहुधा पुढच्या चाकावर खिळलेली असते, आणि त्यामुळे त्या चाकाची प्रत्येक हालचाल तुम्हाला संकट वाटते. नजर पुढच्या स्वाराच्या खांद्यावरून त्याच्याही पुढच्या दोघातिघांकडे न्या, म्हणजे वेग मंदावणार असल्याचे तुम्हाला क्षणभर आधी कळेल आणि ब्रेक दाबण्याऐवजी पाय थांबवून किंवा अंग किंचित वाऱ्यात काढून तेवढेच काम भागेल. पुढच्याच्या मागच्या चाकाशेजारी आपले पुढचे चाक घुसवून ठेवू नये, हा नियम मात्र जिवापाड पाळा. दोन चाके एकमेकांना घासली तर पुढचा बहुधा सावरतो आणि पडतो तो मागचाच.

यासाठी उत्तम सराव गवतावर होतो. क्लबमधील कोणालातरी सोबत घेऊन मैदानात चालण्याच्या वेगाने शेजारी शेजारी सायकल चालवा, एकमेकींच्या खांद्याला खांदा आणि कोपराला कोपर मुद्दाम लावा, आणि नंतर आपले पुढचे चाक तिच्या मागच्या चाकाला हलकेच टेकवून सावरायला शिका. तोल गेलाच तर गवतावर फारसे लागत नाही. धक्का बसताच अंग ताठ होण्याची सवय एकदा मोडली की निम्मे काम झाले असे समजा.

क्रिटेरियममध्ये गटाच्या शेवटी राहणे सर्वांत महागात पडते, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. वळणावर गट पेटीच्या भात्यासारखा मिटतो आणि उघडतो. पुढच्या पाचसहा जणी वेग फारसा न घालवता वळतात, त्यांच्या मागे दाटी होते, शेवटच्यांना जवळपास थांबावे लागते, आणि तोवर पुढच्या सुसाट निघालेल्या असतात. म्हणजे पुढच्यांना जे वळण फुकट मिळते, त्यासाठी शेवटच्यांना दर वेळी स्प्रिंट मारावी लागते. चार वळणांचा मार्ग आणि वीस फेऱ्या असतील, तर अशा ऐंशी स्प्रिंट झाल्या. ६०० किलोमीटर करणाऱ्या पायांनाही हे झेपत नाही, कारण हा दम वेगळा आहे. पहिल्या एकतृतीयांशात राहण्याचा प्रयत्न करा, आणि त्यासाठी शर्यत सुरू होण्याआधी रेषेवर लवकर जाऊन उभ्या राहा.

वळणाआधीच ब्रेक लावून घ्या, वळणात नको. बाहेरच्या बाजूचे पेडल खाली, त्यावर वजन, हात हँडलच्या खालच्या दांड्यांवर, आणि ज्या रेषेने वळणात शिरलात तिनेच बाहेर पडा. आतून वाकडे घुसणाऱ्या स्वारावर सगळा गट चिडतो, आणि ते योग्यच आहे.

ब्रेकबाबत केबल बदलण्याचा विचारही नको. रोजच्या येण्याजाण्यासाठी तीच सायकल वापरा, आणि रिकाम्या पार्किंगमध्ये एकेका हाताने ब्रेक लावून थांबण्याचा सराव करा. डावा हात नाजूकपणे वापरायला शिकणे हेच त्यातले शिक्षण आहे. आपल्याकडे दुचाकीमुळेही पुढच्या ब्रेकची सवय उजव्या हातात मुरलेली असते.

बोरघाट :

सरळरेषा यांच्याशी बहुतांशी सहमत आहे. मी इथलाच, पिंपरीचा. अमेरिकेतील अनुभव नाही. परंतु मुंबई-पुणे शर्यत पाहणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. बोरघाटात ‘घाटाचा राजा’ कोण हे ठरते चढावर, पण कोण त्या लढतीत असणार हे ठरते घाटाच्या पायथ्याला. चढ सुरू होताना जो तिसाव्या क्रमांकावर असतो, त्याला पुढे दमलेल्या स्वारांना वळसे घालण्यातच ताकद घालवावी लागते. तुमच्या रोड रेसच्या मार्गात चढ असेल तर त्याच्या आधीच्या सपाट भागात पुढे सरका. चढावर तुमचा बीआरएमचा दम निश्चित कामी येईल.

गटाच्या बाबतीत मात्र थोडा वेगळा विचार सुचवतो. स्त्रियांच्या शर्यतींत स्पर्धक कमी असल्यास दोन गट एकत्र सोडतात आणि निकाल वेगळे लावतात, असे ऐकून आहे. तसे असेल तर बी की सी हा वाद निव्वळ कागदावरचा ठरतो. आधी ते तपासा.

रानवाट :

दोघांचेही मनापासून आभार. बोरघाट, तुमची शंका खरी ठरली: टेक्निकल गाईडनुसार (शर्यतीच्या माहितीपुस्तिकेनुसार) रोड रेस आणि क्रिटेरियममध्ये बी आणि सी गट एकत्र सुटणार असून निकाल स्वतंत्र लागतील. मी सी गटातच नाव नोंदवले आहे आणि कर्णधारालाही तसे कळवले आहे. गवतावरचा सराव एका मैत्रिणीसोबत सुरू केला असून पहिल्याच संध्याकाळी आम्ही दोघी यथेच्छ लोळलो.

आता सांघिक टाइम ट्रायलबद्दल कोणी सांगेल का? आमच्या चौघींत मी चढावर बरी आहे, पण सपाटीवर सर्वांत हळू आहे.

तिसरेचाक :

सांघिक टाइम ट्रायल हा माझा आवडता प्रकार, म्हणून लिहितो. चौघांच्या संघात सामान्यतः रेषा ओलांडणाऱ्या तिसऱ्या स्वाराची वेळ संघाची म्हणून धरतात. तुमच्या गटासाठी नियम काय आहे ते गाईडमध्ये पाहून घ्या. याचा अर्थ असा की सर्वांत वेगवान स्वार कितीही वेगवान असला तरी एकटा काही कमावत नाही. नवख्या संघाची हमखास चूक म्हणजे पुढे राहून वारा कापायची आपली पाळी येताच उत्साहाने वेग वाढवणे. त्यामुळे नुकतीच पुढून मागे गेलेली, दम खाण्याच्या प्रयत्नात असलेली सोबतीण थेट सुटून जाते. पुढे आलात की वेग तोच ठेवा. ज्यांच्यात ताकद जास्त, त्यांनी जास्त वेळ पुढे राहावे, जास्त वेगाने नव्हे.

तुम्ही सपाटीवर हळू असाल तर दहा-पंधरा सेकंदांची पाळी घ्या, आणि तेवढेही जमेनासे झाले तर ‘मी मागे आहे’ असे ओरडून शेवटच्या जागी बसून राहा. त्यात कमीपणा नाही. चढ आला की उलट तुम्हाला आवर घालावा लागेल, कारण तुमच्या वेगाने बाकीच्या तिघी येऊ शकणार नाहीत. हे सगळे शर्यतीत नव्हे, आधीच्या सरावात ठरवून घ्या. कोण कोणाच्या मागे राहणार हेसुद्धा.

तुमचे एरोबार रोड रेस आणि क्रिटेरियमला लावता येणार नाहीत. घोळक्यात कोपरे टेकवून बसणाऱ्याचे हात ब्रेकपासून दूर असतात, म्हणून गटाने सुटणाऱ्या शर्यतींत त्यांना मनाई आहे. टाइम ट्रायलमध्ये काही ठिकाणी चालतात, काही ठिकाणी साध्या सायकलींचाच नियम असतो. चालत असले तरी पहिल्या खेपेला नकोच, असे माझे मत आहे: दुपारच्या शर्यतीआधी ते काढण्यात आणि हँडल पुन्हा नीट बसवण्यात वेळ जातो, आणि घाईत ढिला राहिलेला स्क्रू हा रेफरीच्या दृष्टीने अपघात नसतो. क्रिटेरियममध्ये टायर पंक्चर झाला किंवा तुम्ही पडलात तर पिटमध्ये (मार्गालगतच्या दुरुस्तीच्या जागी) जाऊन एक फेरी माफ होऊन गटात परत जाता येते. नीट न आवळलेला भाग निखळला तर ती सवलत मिळत नाही, आणि शेवटच्या काही फेऱ्यांत तर कोणालाच मिळत नाही. पिटमध्ये ठेवायच्या जादा चाकांवर संघाचे नाव लिहा, आणि ती तुमच्या सायकलला बसतात का हे घरीच तपासा, कारण डिस्क ब्रेकच्या सायकलला रिम ब्रेकचे चाक काय कामाचे?

रोड रेसचा एक नियम भारतातून आलेल्यांच्या अंगवळणी पडायला वेळ लागतो. रस्ता पूर्ण बंद नसेल तर मधली पिवळी रेषा ओलांडायची नाही, पुढे जायला जागा नसली तरीही. समोरून वाहन येत असते, आणि रेषा ओलांडणाऱ्याला बाद करतात. उजव्या बाजूने चालवण्याची सवय असली तरी घोळक्यात दाबले गेल्यावर माणूस डावीकडे सरकतोच. म्हणून शक्यतो अगदी डाव्या कडेला राहू नका.

खाण्याचे फार मनावर घेऊ नका. टाइम ट्रायल संपल्यावर अर्ध्या तासाच्या आत मीठ घातलेला दहीभात किंवा बटाट्याची कोरडी भाजी आणि ब्रेड खा. दुपारच्या शर्यतीआधीचे दोन तास फक्त सहज पचणारे: केळे, खजूर, राजगिऱ्याची वडी. शेंगदाण्याची चिक्की शर्यतीनंतर; तिच्यातले तेल पोटात रेंगाळते. संघाच्या गाडीत तुमच्यासाठी काही असेल या भरवशावर राहू नका, डबा स्वतःचा न्या.

एप्रिलमध्ये तिकडे सकाळी पारा शून्याच्या आसपासही असू शकतो, तेव्हा गुडघे झाकणारे वॉर्मर हवेतच. छातीवरचा नव्हे, कुशीवरचा नंबर लावायचा असतो. कोणती बाजू ते गाईडमध्ये असते. तो मैत्रिणीकडून, सायकलवर बसता तसे वाकून लावून घ्या आणि टाचण्यांनी जर्सीचा खिसा शिवला जात नाही ना ते पाहा, नाहीतर ऐन शर्यतीत खजूर बाहेर निघणार नाही.

क्रिटेरियमचा नकाशा मिळाला असेल तर वळणे किती, कोणत्या बाजूची, आणि शेवटच्या वळणापासून रेषा किती लांब आहे एवढे इथे लिहा. शेवटच्या फेरीत कुठे पुढे सरकायचे ते त्यावरून सांगता येईल.