फळ्यावरचे उतरवतात, पण मनाने लिहीत नाहीत

प्रश्न (वर्गशिक्षिका, इयत्ता तिसरी):
माझ्या वर्गातील मुले फळ्यावरील मजकूर वळणदार अक्षरात उतरवून घेतात; मात्र ‘माझा आवडता सण’ या विषयावर स्वतःच्या मनाने चार वाक्ये लिहायला सांगितली, की बहुतेकांच्या वह्या कोऱ्या राहतात किंवा गाइडमधील वाक्येच पुन्हा दिसतात. सुरुवात कोठून करावी?

उत्तर (निवृत्त मुख्याध्यापक):
ताई, लिहिण्याआधी बोलणे होऊ द्यावे. पोळ्याला बैलांची शिंगे कोणी रंगवली, पुरणपोळी आधी कोणाला भरवली, असे नेमके प्रश्न विचारले, की मूल भरभरून बोलते. त्याचेच वाक्य, घरच्या बोलीतील शब्दांसह, फळ्यावर जसेच्या तसे लिहावे आणि त्यालाच वाचायला सांगावे. आपले बोलणे कागदावर उतरू शकते, हा विश्वास प्रथम यायला हवा, आणि माझ्या मते तिसरीपर्यंत याहून मोठे काम दुसरे नाही. विषयही लहान ठेवावा: संपूर्ण सणाऐवजी त्या दिवसाची फक्त सकाळ.

उत्तर (पालक):
परंतु ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका तशाच अंगवळणी पडल्या तर?

उत्तर (मराठीच्या शिक्षिका):
पहिल्या लेखनावर लाल शाई नकोच. आशयाविषयी एखादा प्रश्न लिहून वही परत द्यावी आणि पुनर्लेखनाच्या वेळी एकच नियम घ्यावा. उदाहरणार्थ, १९६२च्या लेखननियमांनुसार मराठी शब्दाच्या अखेरचा इकार-उकार दीर्घ लिहितात. तेव्हा ‘पाणि’, ‘वहि’ अशा चुका मुलांनी स्वतः शोधून दुरुस्त कराव्यात. ‘आणि’ हा अपवाद त्याच वेळी सांगावा, कारण तो प्रत्येक वहीत येतोच.